पावती क्रमांक ९३१ : ग्रामपंचायतीच्या वसुलीतला एक अपहार

सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रीय लोकअदालतीआधी गावात १४० घरांना नोटिसा गेल्या. घरपट्टी-पाणीपट्टी थकली आहे, तडजोडीसाठी हजर राहा, असा मजकूर होता. खाते क्रमांक २१४ ची बाई नोटीस घेऊन ग्रामपंचायतीत आली आणि पदरात बांधून आणलेला कागद टेबलावर ठेवून म्हणाली, "पैसा ते होळीलेच भरी दिन्हात भाऊसाहेब, हाई देखा पावती." पावती २२ मार्च २०२४ ची होती. मागील बाकी १,९००, चालू १,९००, दंड ९५, एकूण ३,८९५ रुपये. खाली सही, वर शिक्का, क्रमांक ९३१. मागणी नोंदवहीत मात्र त्या खात्यापुढे वसुलीचा रकाना कोरा होता.

हे गाव नकाशावर शोधू नये. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळ्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यात असे अपहार ज्या रीतीने होतात आणि उघडे पडतात, ती रीत एका नमुना गावावर मांडली आहे. माणसे, तारखांची गुंफण आणि रकमा समजावण्यासाठी घेतल्या आहेत. नोंदवह्यांचे नमुने, कलमे आणि कारवाईच्या पायऱ्या मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

पैसा कुठून कुठे जायला हवा होता

गावात ६१२ मिळकती आणि ४८० नळजोडण्या. घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर मिळून सरासरी ७०० रुपये धरले तर ४,२८,४०० होतात. नळाला वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे ५,७६,००० रुपये. चालू मागणी १०,०४,४०० आणि मागची थकबाकी ६,१०,०००. २०२३-२४ ची एकूण मागणी झाली १६,१४,४०० रुपये.

या पैशाचा कागदी रस्ता ठरलेला आहे. कोणत्या मिळकतीला किती कर, ते नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत. त्यावरून यंदा कोणाकडून किती यायचे, ते नमुना ९ मध्ये. पैसे घेतले की नमुना १० ची पावती फाडायची. मूळ प्रत भरणाऱ्याला द्यायची, कार्बनची स्थळप्रत पुस्तकात ठेवायची. त्याच दिवशी रक्कम नमुना ५ च्या रोकडवहीत जमेला घ्यायची, बँकेत ग्रामनिधीच्या खात्यावर भरायची आणि नमुना ९ मध्ये त्या खातेदारापुढे वसुली दाखवायची. कोरी पावतीपुस्तके पंचायत समितीकडून आली की साठा नोंदवहीत कितीपासून किती क्रमांक आले, ते लिहायचे. आलेल्या रोख वसुलीतून परस्पर खर्च करायचा नाही. आधी बँकेत भरणा, मग सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने पैसे काढायचे.

हे सगळे कुठल्याही ग्रामसेवकाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. अपहार अज्ञानातून होतो, ही समजूत चौकशीला आलेल्यांनी पहिल्या दिवशीच बाजूला ठेवलेली बरी.

आणखी एक गोष्ट. वित्त आयोगाचा निधी हल्ली ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवरून, सरपंच व ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीने थेट पुरवठादाराच्या खात्यात जातो. तिथे गैरव्यवहार व्हायचा तर तो कामाच्या मोजमापात किंवा बिलात होतो, नोटा खिशात घालून होत नाही. रोख पैसा आज उरला आहे तो गावाच्या स्वतःच्या वसुलीत. लोकांचे सगळे लक्ष मात्र वरून आलेल्या निधीवर असते. गटारीचे काम किती लाखांचे, यावर ग्रामसभेत तासभर भांडण होते; पाणीपट्टी किती जमली आणि बँकेत किती पोचली, हे कोणी विचारत नाही.

चार वाटा

पहिली वाट उशिरा भरण्याची. मार्च महिना वसुलीचा. कापूस विकून झालेला असतो, हरभरा-गहू घरात आलेला असतो, वरून मार्चअखेरचा तगादा असतो. या गावात ३१ मार्च २०२४ ला रोकडवहीने हातशिल्लक दाखवली १,९६,००० रुपये. ती बँकेत गेली १३ जूनला, म्हणजे ७४ दिवसांनी. तेवढे दिवस हा पैसा तिजोरीतच होता, असे ग्रामसेवकाचे लेखी उत्तर आले. पण पंचायतीची तिजोरी म्हणजे कुलूप मोडलेले लोखंडी कपाट. मग सांगितले गेले की लोकसभा निवडणुकीचे काम होते. जळगाव मतदारसंघाचे मतदान १३ मे ला झाले. पुढच्या महिन्याभराचे काय, याला उत्तर नव्हते. खरी गोष्ट पावत्यांनी सांगितली. एप्रिल ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नव्या वर्षाची जी वसुली आली, तिच्यातूनच मार्चचा खड्डा भरला होता. मग नव्या वर्षाच्या खड्ड्यासाठी पुढची वसुली. लेखापरीक्षक याला 'तात्पुरता अपहार' म्हणतात. शब्द सौम्य आहे, म्हणून अनेकांना वाटते की हा फक्त शिस्तीचा प्रश्न. तसे नाही. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०३ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात लिहिले आहे की थोड्या काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहारही अपहारच.

दुसरी वाट परस्पर खर्चाची. वसुलीतून थेट खर्च दाखवून १,१२,३०० रुपयांची प्रमाणके, म्हणजे खर्चाची व्हाउचर, जोडली होती: पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणीपुरवठ्याची मोटर रिवाइंडिंग, व्हॉल्व्ह, जेसीबीचे तास. यातल्या ६१,८०० रुपयांना बिल, साठ्याची नोंद आणि मासिक सभेचा ठराव असे तिन्ही सापडले. ती अनियमितता ठरली. अपहारात धरली नाही. उरलेल्या ५०,५०० च्या प्रमाणकांत एकाच मोटरीचे रिवाइंडिंग अडीच महिन्यांत चार वेळा होते. खान्देशात विजेचा दाब कमीजास्त होतो, मोटरी जळतात, हे खरे. पण मोटर काढायला-बसवायला विहिरीवर जी माणसे लागतात, त्यांची मजुरी एकदाच दिलेली होती. खोटे बिल करणारा मुख्य खर्च लिहितो आणि त्यासोबत येणारा किरकोळ खर्च विसरतो. तपासताना नेहमी हा किरकोळ खर्च शोधावा.

तिसरी वाट कार्बनची. मूळ प्रत लिहिताना खाली कार्बन ठेवायचाच नाही. स्थळप्रत नंतर निवांत, कमी रकमेची लिहायची. मूळ प्रतीवर ४,२५० आणि स्थळप्रतीवर १,२५०, असा ३,००० चा फरक. घरोघर जाऊन ३८ मूळ पावत्या मिळवल्या, त्यांपैकी ६ मध्ये मिळून १४,४५० रुपयांचा फरक निघाला. स्थळप्रत उलटी करून मागून पाहिली की कार्बनचा ठसा आणि बॉलपेनचा दाब वेगळे दिसतात. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. अक्षराचा तज्ज्ञ पुढे न्यायालयात लागतो.

चौथी वाट सर्वांत धीट. साठा नोंदवहीत या वर्षाची नऊ पुस्तके होती, प्रत्येकी १०० पावत्या, क्रमांक १ ते ९००. मग ९३१ आली कुठून? बाजारात छापून घेतलेले दहावे पुस्तक. त्याची वसुली ना रोकडवहीत, ना नमुना ९ मध्ये, ना बँकेत. खाते २१४ ला नोटीस गेली ती म्हणूनच. म्हणजे अपहार करणाऱ्याने स्वतःच तयार केलेल्या थकबाकीदारांच्या यादीने त्याला उघडे पाडले. लोकअदालतीच्या वादपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीच्या, प्रकरणांची यादी नमुना ९ वरून सरसकट काढतात. पैसे भरलेली पण नोंद न झालेली माणसे त्या यादीत येणार, हे इतक्या हुशार माणसाच्या ध्यानात आले नाही.

पाचवी वाट या प्रकरणात नव्हती, पण आता तीच वाढते आहे, म्हणून लिहून ठेवावी. वसुलीला येणारा माणूस मोबाईलवर क्यूआर कोड दाखवतो. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे ग्रामपंचायतीऐवजी माणसाचे नाव दिसले तर पैसे पाठवू नयेत. पाठवलेच असतील तर तो व्यवहार क्रमांक हा रोख पावतीपेक्षा भक्कम पुरावा आहे. तो पुसता येत नाही.

हिशेब कसा जुळवला

पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांचा पहिला अहवाल चुकला होता. त्यांनी रोकडवही घेतली, पासबुक घेतले, दोन्ही जुळवले आणि 'किरकोळ तफावत' असा शेरा मारला. रोकडवही बँकेशी जुळणारच. ती बँकेतल्या रकमा समोर ठेवूनच नंतर लिहिलेली होती. सहा महिन्यांची पाने एका शाईत, एका हाताने, एकाही खाडाखोडीशिवाय. रोज लिहिलेली वही इतकी नीटनेटकी कधीच नसते. शिवाय १७ मार्च २०२४ ला ३८,००० रुपये बँकेत भरल्याची नोंद होती. त्या दिवशी रविवार होता.

दुसऱ्या वेळी कामाची दिशा उलटी केली. आधी पावत्या, मग बँक, शेवटी रोकडवही. नऊ पुस्तकांच्या ९०० स्थळप्रती एकेक मांडल्या, तारखेवार बेरीज केली. त्यापुढे बँकेच्या मूळ उताऱ्यावरून (पासबुकावरून नव्हे, उतारा थेट शाखेतून मागवला) त्या त्या आठवड्याचा भरणा लिहिला. पत्रकाला पाच रकाने पुरले: पावती क्रमांक पासून-पर्यंत, वसूल रक्कम, भरण्याची तारीख, भरलेली रक्कम, उशिराचे दिवस. हे काम दोन माणसांना चार दिवसांचे आहे. याला पर्याय नाही आणि यात जो टाळाटाळ करतो त्याची चौकशी कागदावरच राहते.

आकडे असे निघाले. नऊ पुस्तकांप्रमाणे वसुली ११,८६,२५०. बँकेत भरणा ८,४१,७००. फरक ३,४४,५५०. त्यातून मान्य केलेला ६१,८०० चा खर्च वजा जाता २,८२,७५०. यात ५०,५०० ची संशयित प्रमाणके आणि ज्याबद्दल कोणताच कागद नाही असे २,३२,२५० येतात. कार्बनचा फरक १४,४५०. दहाव्या पुस्तकाचे १,०३,९००. एकूण ४,०१,१०० रुपये. मार्चचे उशिरा भरलेले १,९६,००० यात धरलेले नाहीत. ते भरण्यात आलेच आहेत. त्यांचा आरोप स्वतंत्र परिच्छेदात लिहिला. दोन्ही रकमा एकत्र करून मोठा आकडा दाखवायचा मोह तक्रारदारांना होतो. पुढे बचावाच्या वकिलाने त्यातला एक भाग खोडला की सगळा आकडाच डळमळतो.

दहाव्या पुस्तकाचा आकडा कसा काढला, हे सांगायला हवे. पुस्तक मिळाले नाही. घरोघरून ३१ मूळ पावत्या मिळाल्या, ७१,२०० रुपयांच्या. बाकीचे शिपायाच्या डायरीवरून. वसुलीला गल्लोगल्ली शिपाईच फिरायचा, पावत्या तोच लिहायचा, सही आधीच केलेली असायची. संध्याकाळी पैसे दिले की तो शाळेच्या वहीत पावती क्रमांक आणि रक्कम लिहून पुढे ग्रामसेवकाची आद्याक्षरी घ्यायचा. चौथी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या जिवाच्या भीतीने ठेवलेली ही वही पंचायतीच्या सगळ्या दप्तरापेक्षा खरी निघाली. तिच्यात शेवटचा क्रमांक ९४७. फिर्यादीत मात्र रक्कम दोन ओळींत लिहिली: मूळ पावत्यांनी सिद्ध ७१,२००, डायरीवरून ३२,७००. पुरावा ज्या वजनाचा, त्या वजनाने मांडला की तो टिकतो.

सुपूर्दगी : जिथे खटले पडतात

लोकसेवकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताला, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ ला, आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पण त्याआधी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पैसा त्या माणसाकडे सोपवलेला होता, ही पहिली. त्याने तो अप्रामाणिकपणे वापरला, ही दुसरी. गावाला दुसरी गोष्ट स्वच्छ दिसते आणि पहिली इतकी उघड वाटते की तिचा कागदच कोणी जोडत नाही.

या ग्रामसेवकाकडे दोन गावे होती, दुसरे मूळ नेमणुकीचे आणि हे अतिरिक्त कार्यभाराचे. त्यामुळे अतिरिक्त कार्यभाराचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, आधीच्या ग्रामसेवकाकडून दप्तर घेतल्याची यादी आणि बँकेतला सहीचा नमुना, हे चार कागद फिर्यादीला जोडले. बचावाचा पहिला मुद्दा अपेक्षेप्रमाणे तोच आला: पैसे शिपायाने घेतले, मला दिलेच नाहीत. इथे आद्याक्षऱ्यांनी काम केले. डायरी नसती तर सगळे खापर शिपायावर फुटले असते. अशा बऱ्याच प्रकरणांत मानधनावरचा शिपाई आत जातो आणि सही करणारा बदलून दुसऱ्या तालुक्यात.

सरपंच बाई होत्या. रोकडवहीवर दरमहा त्यांची सही होती, धनादेश पुस्तकातल्या कोऱ्या धनादेशांवरही. व्यवहार त्यांचे यजमान पाहत. त्यांनी पैसा घेतल्याचा पुरावा सापडला नाही, म्हणून फौजदारी फिर्यादीत आरोपी केले नाही. पण कर्तव्यातल्या कसुरीबद्दल ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ चा प्रस्ताव मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे गेला. न वाचता सही केली, हा बचाव नाही. ती कसुरीची कबुली आहे. इथे एक कडू गोष्टही आहे. कोऱ्या सह्या ज्यांनी करवून घेतल्या त्या यजमानांचे नाव एकाही नोंदवहीत नाही, म्हणून त्यांच्यावर काहीच नाही.

नोटीस मिळताच भरणा

ग्रामसेवकाला कारणे दाखवा नोटीस मिळाल्यावर नवव्या दिवशी ग्रामनिधीच्या खात्यावर २,३२,२५० रुपये दोन हप्त्यांत आले. चलनावर कारण लिहिले होते, 'मागील वसुली'. पंचायत समितीत लगेच सूर निघाला की आता पैसे आले, शक (लेखापरीक्षणातला आक्षेप) निकाली काढा, घरदार असलेला माणूस आहे. अशी निम्मी प्रकरणे इथेच विझतात, असे तालुक्याच्या कचेऱ्यांत उघड बोलले जाते.

भरणा केल्याने गुन्हा पुसला जात नाही. जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी त्याचा विचार होऊ शकतो, एवढेच. उलट ते चलन हा फिर्यादीतला सर्वांत मजबूत कागद ठरला. रोकडवहीत हातशिल्लक शून्य असताना 'मागील वसुली' कुठून आली? रक्कमही रुपयापर्यंत तीच, जी चौकशी पत्रकात कागदाविना राहिली होती. बँकेकडून चलनाची प्रमाणित प्रत आणि कोणी भरले त्याची सही मागवून घ्यावी. रक्कम मेहुण्याच्या हाताने भरलेली असते आणि मग ओळख पटवायला वर्ष जाते.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

खाते २१४ च्या घरापासून फिर्यादीपर्यंत चार महिने लागले. हे लवकरच म्हणायचे. क्रम असा होता.

आधी मूळ पावत्या सांभाळल्या. लोक उत्साहात मूळ प्रतच तक्रारीला जोडतात आणि ती टपालात हरवते. इथे गावातल्या बचत गटाच्या बायकांनी गल्लीवार फिरून पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढले, खाते क्रमांकानुसार यादी केली, मूळ प्रती घरीच ठेवायला सांगितल्या. चौकशी पथक आल्यावर पंचनाम्याने त्या पाहिल्या गेल्या.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. 'सर्व व्यवहारांची माहिती द्या' असे न लिहिता १ एप्रिल २०२३ ते ३० जून २०२४ या काळातली साठा नोंदवही, रोकडवही नमुना ५ आणि ग्रामनिधीच्या खात्याचा बँक उतारा यांचे अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून पाहणी, मागितले. अवलोकन मागितले की हजार पानांचे झेरॉक्सचे पैसे भरायला सांगून टाळता येत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आले. पुढच्या तीस दिवसांची वाट न पाहता प्रथम अपील केले. अपिलाच्या सुनावणीआधीच साठा नोंदवही दाखवली गेली, आणि तिच्यातला शेवटचा आकडा ९०० पाहून पुढचे सगळे सोपे झाले.

तक्रार गटविकास अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. ती दीड पानाची होती, सोबत १२ पावत्यांची यादी. त्यात एक मागणी ठळक होती: दप्तर आजच ताब्यात घ्या. ग्रामसेवकाची बदली झाली की दप्तर 'मिळत नाही', 'घरी राहिले', 'वाळवी लागली'. दप्तर आणि पैसा परत मिळवण्याची सक्तीची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे, पण ती वापरेपर्यंत पाने गेलेली असतात. इथे आठव्या दिवशी दप्तर सीलबंद झाले. सीलबंद करताना पावतीपुस्तकांच्या कोऱ्या आणि वापरलेल्या पानांची मोजणी पंचनाम्यात लिहून घेतली.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे की नाही, यावर गावात बराच वाद झाला. १०६४ वर फोन केला की सापळा लागतो, हे सर्वांना माहीत असते. पण सापळा लाच मागणाऱ्यासाठी असतो. आधीच गिळलेल्या पैशाला सापळा कसला लावणार? अपहाराची फिर्याद स्थानिक पोलीस ठाण्यात देतात, ती शासनातर्फे विस्तार अधिकारी देतात, आणि तपासात भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १३(१)(अ) लावता येते. ते लागले तर शिक्षा किमान ४ आणि कमाल १० वर्षे, खटला विशेष न्यायाधीशांपुढे, आणि दखल घेण्याआधी कलम १९ ची मंजुरी. मंजुरी देणारा तोच, ज्याला कर्मचारी बडतर्फ करता येतो. ग्रामसेवकाच्या बाबतीत ती जिल्हा परिषदेतून येते आणि तिथे फाइल महिनोन्महिने पडून राहू शकते. म्हणून मंजुरीच्या प्रस्तावासोबत तपास अधिकाऱ्याने तारखांचे पत्रक, पावत्यांच्या प्रती आणि चलन एकदमच पाठवावे. 'आणखी कागद सादर करा' असे लिहून परत आलेली प्रत्येक फाइल सहा महिने खाते.

कलमांचा एक गोंधळ या प्रकरणात पोलीस ठाण्यातही झाला. फिर्याद जानेवारी २०२५ ची, म्हणून ठाणे अंमलदाराने भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६(५) लिहिले. पण पैसे घेतले गेले, खोट्या पावत्या फाडल्या गेल्या ते सगळे ३० जून २०२४ च्या आत. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून. गुन्ह्याची तारीख कलम ठरवते, फिर्यादीची तारीख नव्हे. म्हणून ४०९, खोटे दस्त केल्याबद्दल ४६७, ४६८, ४७१ आणि हिशेबात खोट केल्याबद्दल ४७७-अ. तपासाची रीत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. फिर्याद नोंदवण्याआधीच हे दुरुस्त झाले; आरोपपत्रापर्यंत राहिले असते तर पहिल्याच तारखेला वाद झाला असता.

विभागीय चौकशी वेगळी चालते आणि फौजदारी निकालाची वाट तिने पाहायची नसते. तिथे उशीर कोणाच्या पथ्यावर पडतो हे ओळखावे. निवृत्तीनंतर नव्याने विभागीय चौकशी सुरू करायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, हा निवृत्तिवेतन नियमांतला २७ वा नियम. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्या माणसाची फाइल का हलत नाही, याचे कारण पुष्कळदा इथे असते.

खटला किती लांबतो याची कल्पना खान्देशाला आहेच. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल प्रकरणात फिर्याद २००६ मध्ये झाली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले ते ३१ ऑगस्ट २०१९ रोजी. ते प्रकरण कोट्यवधींचे होते, आरोपींत नगरसेवक आणि माजी मंत्री होते. चार लाखांच्या प्रकरणाला तेवढी वर्षे लागू नयेत, पण साक्षीदार म्हातारे होतात. म्हणून ३१ मूळ पावत्यांच्या धारकांचे जबाब पहिल्या महिन्यातच घेतले गेले.

गावाचे काय गेले

चार लाख म्हटले की शहरातल्या वाचकाला आकडा लहान वाटेल. या गावात पाणी आठ दिवसांनी येते. त्या उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याच्या विहिरीचे वीजबिल थकले, जोडणी तुटली, आणि आठाचे चौदा दिवस झाले. ज्यांनी होळीला पाणीपट्टी भरली त्यांनीच मे महिन्यात टँकरमागे हंडे घेऊन धाव घेतली. स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ४,०१,१०० चे ५ टक्के म्हणजे २०,०५५ रुपये. गावात दिव्यांग म्हणून नोंद असलेली ११ माणसे आहेत. त्यांना त्या वर्षी 'निधी शिल्लक नाही' असे उत्तर मिळाले होते, तेही लेखी.

खाते २१४ चे काय करायचे, हा प्रश्न पंचायत समितीत तीन आठवडे फिरत होता. पावती बनावट पुस्तकातली, मग वसुली धरायची कशी? पण नागरिकाने पैसे पंचायतीच्या माणसाला, पंचायतीच्या शिक्क्याची पावती घेऊन दिले. पुस्तक कुठे छापले हे पाहणे तिचे काम नव्हते. शेवटी मासिक सभेत ठराव झाला, ३१ खात्यांची वसुली नमुना ९ मध्ये शेऱ्यासह घेतली गेली आणि ती रक्कम ग्रामसेवकाकडून येणे म्हणून दाखवली. डायरीतल्या उरलेल्या १६ खात्यांना पावती सापडत नाही. त्यांच्या नोटिसा थांबवल्या आहेत. बाकी अजून त्यांच्याच नावावर आहे.

नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (ग्रामसेवकाचे पदनाम आता हेच) कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर दर सोमवारी तीन ओळी लिहायला सुरुवात केली: मागच्या आठवड्यात फाडलेल्या पावत्या क्रमांक पासून-पर्यंत, वसूल रक्कम, बँक भरण्याची तारीख. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ऑइल पेंटने एक चौथी ओळ कायमची लिहिली आहे. पावती क्रमांक ९४८ ते १००० कोणी दिल्यास घेऊ नये, पैसे देऊ नयेत, कार्यालयात कळवावे. ती ५३ पाने अजून कोणाला सापडलेली नाहीत.